पाणी जोखताना

रोड नंबर बावीसवरचा आमचा कारखाना बंद पडला
त्याला आता अकरा वर्षं झाली.
तरी वागळे इस्टेटमध्ये पोलादाचं काही अडलं
की कुणीतरी म्हणतंच, कुंदाताईंना दाखवा.

काल निमिष भोपी आला, घनसोलीहून,
क्रिकेट किटच्या पिशवीत तीन तलवारी घेऊन.
जपानी घाटाच्या. काताना.
वर्गातल्या पोरांनी वर्गणी काढून घेतलेल्या,
स्वस्तातल्या.
"यातली कापायला कुठली, ताई? शिकाऊ हाताला?"
परवान्याचं काय, मी आधी विचारलं.
"सरांच्या नावावर आहे. त्यांची चिठ्ठी आणलीय."
मग चष्मा लावला.

पहिलीच्या म्यानावर सोनेरी ड्रॅगन.
पात्यात माझं तोंड दिसलं, नाकावरच्या तिळासकट.
मूठ सोलली, तर आत
उदबत्तीच्या काडीएवढी शेपटी, तीही झाळलेली.
हिला भिंतीवर टांग, दसऱ्याला फूल वाहा.
जोरात फिरवलीस तर मूठ तुझ्या हातात राहील
आणि पातं शेजाऱ्याकडे जाईल.
निमिषचा चेहरा पडला.
महाग तीच होती.

दुसरीच्या धारेशी लाटालाटांची रेघ.
ती दाखवताना त्याचा आवाज हळू झाला,
देवघरात होतो तसा.
खरी रेघ कशी पडते सांगितलं त्याला:
लोहार पात्यावर माती थापतो,
पाठीला जाड, धारेला पातळ,
तापवून पाण्यात घालतो,
धार कडक होते, पाठ मऊ राहते,
आणि दोघींच्या शिवेवर ती उमटते आपोआप.
मग बारीक पॉलिश पेपर घेतला,
बोटभर जागेत घासला.
रेघ गेली.
तेजाबाने काढलेली भुवई.
मुठीजवळ कानस लावली, ती दुधीत शिरावी तशी शिरली.
निमिष काही बोलला नाही. मीही चहा टाकला.

तिसरी काळी, बोडकी, म्यानाला रंगाचे ओघळ.
हलवली तर खुळखुळली.
"ही तर खुळखुळाच आहे," तो म्हणाला.
बांबूची मेख ठोकून काढली, मूठ ओढली,
शेपटी लांब, रुंद, जवळजवळ मुठीच्या टोकापर्यंत.
कानस लावली. घसरली.
पुन्हा लावली.
अहाहा.
तीस वर्षं हार्डनेस मशिनवर बसलेय मी,
आकडा दिसायच्या आधी मनगटाला कळतो.
गोणपाटावर टोक टेकवून पातं वाकवलं,
सोडलं, ते सरळ.
ट्रकच्या कमानीचं पोलाद, एकसारखं पाणी दिलेलं.
रेघबिघ नाही. मिरवायला काहीच नाही.
खुळखुळते ती मूठ, रे. मूठ दुरुस्त होते.
जून बांबूची नवी मेख तासली,
तांब्याचा पत्रा कापून फट बुजवली.
एक रुपयाही घेतला नाही, पण पहिला घाव
माझ्यासमोर घालायचा, असं ठरलं.

आज कोपरीच्या हॉलमागे,
रात्रभर बादलीत भिजवलेल्या वर्तमानपत्रांची गुंडाळी
खुंटीवर उभी.
सगळ्यांना दहा पावलं मागे सरकवलं.
निमिषने घाव घातला, तिरपा,
पातं अर्ध्यात अडकलं आणि धनुकलीसारखं वळलं.
पांढरा पडला पोरगा.
ओढून काढलं, डोळ्यासमोर धरलं,
सुतासारखं सरळ.
ती रेघवाली असती, अगदी खरी असती ना,
तरी आत्ता वाकडीच राहिली असती.
माती लावलेली पाती मानी असतात,
शिकणाऱ्याची चूक जन्मभर अंगावर ठेवतात.
हिने सोडून दिली.
रोज सोडेल असं समजू नकोस.

दुसरा घाव. तिसरा. चौथ्याला
आवाजच बदलला,
ओला लगदा उडाला सगळीकडे,
हॉलच्या भिंतीवर, सरांच्या चपलेवर.
माझ्या बाहीवर एक तुकडा चिकटला.
चष्मा पुसून वाचला:
पाहिजेत, टूलरूमसाठी अनुभवी,
पुढचं कापलं गेलं होतं.

तो झटकला नाही मी.
"ताई, तुम्ही मारता एक?" निमिष म्हणाला.
पदर खोचला.