धुण्याचा दगड

ढग नव्हते, तरी बारा मिनिटं लागली.
सहा उपग्रह, मग नऊ, मग परत सात.
जांभळीखाली उभं राहिलं की असंच होतं,
पानंसुद्धा मोजणीत हात घालतात.
इल्ली बन्नी, होसमनी सर उन्हातून ओरडले,
आणि मी फोन छातीशी धरून
रताळ्याच्या वेलांवरून पाय उचलत
मोकळ्यावर आले.

कुद्रेमानीच्या वरच्या अंगाचं हे रान.
ओढा ओलांडला की फोन थरथरतो:
महाराष्ट्रात आपलं स्वागत.
मागं फिरलं की कर्नाटकात स्वागत.
सकाळपासून माझं अकरा वेळा स्वागत झालंय
आणि चहा एकदाच.

पडद्यावर मी म्हणजे निळा ठिपका,
भोवती फिकट निळं वर्तुळ.
मी ह्यात कुठंतरी आहे,
चार मीटर इकडं नाहीतर तिकडं,
यापेक्षा जास्त तो शपथेवर सांगत नाही.
मष्णू बडसकर आणि भरमाणा बडसकर,
सख्खे चुलते-पुतणे, यांचं भांडण अडीच फुटांचं.
वर्तुळात दोघंही मावतात.
बांध मावतो, बांधावरची करवंदी मावते,
बेळगावच्या कोर्टातल्या तारखा,
आणि एका लग्नाची न पोचलेली पत्रिका.

सरांचं तिपाईवरचं यंत्र फार तर बोटभर चुकतं.
ते माझ्या फोनकडं बघून हसतात.
पण जुना दगड कुठल्या झुडपात शोधायचा
ते आधी हा ठिपकाच सांगतो.
आमचे आप्पा साखळी ओढायचे,
तेहतीस फूट, सोळा आणे.
म्हणायचे, उन्हात साखळी वाढते, जमीन कमी भरते,
म्हणून दुपारी मोजू नये, जेवावं.

बाण म्हणाला, पोचलात.
तिथं काहीच नव्हतं.
पहारीनं उकरलं: लाल माती, मग आणखी लाल माती,
मग मूठभर कोळसा, चुन्याचा खडा,
म्हणजे जागा खरी.
कल्लु एल्ली? सरांनी विचारलं.
दगड कुठाय, मी मराठीत विचारलं.
दोघंही बडसकर आभाळाकडं बघायला लागले,
जसं काही उपग्रहांनी नेला.

तेव्हा बांधावरून तुळसाक्का बोलली,
"त्यो व्हय? आमच्या न्हाणीत हाय की.
मी लग्न होऊन आल्ये तवापास्नं
धुणं आपटत्ये त्यावर."

गेलो. होता.
एका अंगाला छिन्नीची फुली,
साबणानं जवळजवळ पुसत आणलेली.
सरांनी फोटो काढला, कन्नडात चार ओळी लिहिल्या.
मी खूण टाकली. ॲपनं नाव मागितलं.
धुणं, असं लिहिलं.

दगड उचलायला चार माणसं हवी होती.
होती दोनच, आणि ती बोलत नव्हती.

रात्री घरी येऊन दिवसाचा माग उघडला.
न्हाणीपासून शेतापर्यंत निळी रेघ,
चारशे बारा मीटर,
आणि रेघेत तीन गाठी,
जिथं त्यांनी दगड खाली ठेवला, दम घेतला.
मधली गाठ नऊ मिनिटांची.
ॲपला एवढंच कळतं.
मी शेजारी उभी होते, मला ऐकू आलं:
बहुतेक शिव्याच होत्या,
पण एकमेकांना नावानं घातलेल्या.

दगड आता जागेवर आहे, बोटभर इकडं-तिकडं.
सर म्हणतात, काम संपलं.
तुळसाक्काचा मात्र दोनदा फोन येऊन गेला:
"माझा दगड न्हेला न्हवं?
मग दुसरा कवा आनतासा?
उद्या चादरी हायत."