वाटीवरचं नाव

बारसं गॉलवेला झालं, फोनच्या पडद्यावर.
पाळणा नव्हता. कानात कुर्र करायची ती आत्या
इंदूरला, राजेंद्रनगरात,
आणि नेटवर्क मधेच तुटत होतं.
मी काढून ठेवलेली तेरा नावं
वहीत तशीच मिटली.

आज सराफ्यात चांदीची वाटी घेतली.
मांगीलालजींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला,
निरंजननं धाडलेली अक्षरं एकेक वाचली :
एन, आय, ए, एम, एच.
"नियाम्ह?"
नाही हो, नीव्ह. म आणि ह मिळून व्ह होतो त्यांच्यात.
"अजब हिसाब है, ताई."

अजब कसला.
आपणही व्हायोलिनच्या व ला ह चा टेकू देतोच.
तिकडे ह नुसती फुंकर घालतो
आणि म बाजूला सरतो,
गरम दुधावरची साय सरते तसा.
ओर्लानं दोनदा करून दाखवलं :
ओठ मिटायला निघतात, आणि मिटत नाहीत.

अर्थ विचारला तर म्हणाली, लकाकी.
जुना शब्द. तिच्या पणजीच्या गावात
अजून बोलतात ती भाषा.
पाऊस उघडल्यावर खाडीवर पडते ना, ती लकाकी.
आमच्याकडे खाडी कुठली?
खान नदी आहे, तिच्यावर काय पडतं
ते सुनेला कशाला सांगा.

मी मात्र रात्रभर मराठीतच ऐकत राहिले.
नीव. निव. निवणे.
ताटातला भात निवतो.
परीक्षेहून उशिरा परतलेल्या निरंजनला बघून
आई म्हणाली होती, डोळे निवले गं बाई.
तिथला उजेड इथे पोचेपर्यंत
असा निवत येतो का,
की मीच पदरचं घालतेय त्यात?
ओर्लाला विचारलं नाही.

सुई गुरगुरली. बाहेर ओट्यावर
भुट्ट्याच्या कीसवाल्यानं कढई मांडली,
शटर निम्मं खाली आलं, मांगीलालजी घाईत.
वाटी हातात घेतली तर
नी च्या डोक्यावर एक टिंब जास्तीचं.
"नींव नहीं है क्या? मकान की?"
घासून देतो म्हणाले, पैसे नकोत.

अंगठ्यानं चाचपलं. बारीक, खोल.
राहू दे, म्हटलं.
पोरीला तीट लावायला
तिथे कोण आहे?