मुद्देमाल

बोरा बाजारात, झेरॉक्सवाल्याच्या पोटमाळ्यावर
मी भाषांतरं करतो. पानाला चारशे, शिक्क्यासकट.

दिलावर परकार, गोदीतले निवृत्त फिटर,
मुलीकडे पर्थला जायचं म्हणून
सत्त्याऐंशी सालचा पंचनामा घेऊन आले होते.
डोंगरीत नळावर मारामारी, दंड शंभर रुपये,
मुद्देमाल: पितळी कळशी एक, पोचा पडलेली.

कळशीचं मी 'धातूचं जड भांडं' केलं.
तिकडच्या कुणा साहेबाने त्याचं हत्यार केलं.
व्हिसा नामंजूर. कारण: चारित्र्य.

मुलीने तिथे वकील दिला.
अकरा महिन्यांनी निकाल आला, तोही मीच मराठीत आणला.
पैसे घेतले नाहीत.
कोर्ट म्हणतं,
अर्जदार चांगला की वाईट, हा आमच्यापुढचा प्रश्न नव्हे.
साहेबाने कागद नीट वाचला का, तेवढंच आम्ही बघतो.
नव्हता वाचला.
सबब अर्ज पुन्हा त्याच कचेरीत, दुसऱ्या टेबलावर.

परकार चष्मा पुसत राहिले.
"म्हणजे मी कसा आहे, ते कुणीच नाही सांगितलं?"
नाही, म्हटलं. पण जिंकलात तुम्ही.

"कळशी आहे अजून. कोर्टाने सही घेऊन परत दिलेली.
बायको होती तोवर तीच वापरात.
पोच्यामुळे दोन पेले पाणी कमी मावायचं, एवढंच."

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला नाही.
मी जुनी फाईल काढली, मूळ कागद लावून बघितला.
'जड' कुठेच नाही त्यात.
वेळ लिहिलीय: पहाटे चार. पाणी साडेचारला यायचं.
रिकामीच असणार.