दोन बोटांची जागा

गणेशखिंड रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत
काचेच्या बश्या घासायचं काम माझं.
एकोणीस वर्षं.
कुकरात टाकण्याआधी मी प्रत्येक बशी
उजेडात धरून बघते.
कुणी सांगितलेलं नाही.

भाद्रपदात उर्जिता टेकडीवरून आमरीचे कंद आणते,
दोन-तीनच, माती मागे लोटून.
बटाट्यासारख्या चकत्या कापते,
चकती बशीत मधोमध,
कडेला बुरशीचा ठिपका.

बुरशी पसरते पिंजल्या कापसासारखी,
घाई नाही,
आणि चकतीपासून दोन बोटांवर थांबते.
मधे काही नाही.
"काही नाही कसं, मावशी?
तिथंच तर आहे सगळं. कंदानं विष सोडलंय.
आधी नव्हतं त्याच्यात.
चाहूल लागली, तेव्हा बनवलं."
नाव म्हणाली, ऑर्किनॉल.
मला केसांच्या तेलाचं वाटलं.

शेजारच्या बशीतली चकती उकळून घेतलेली.
तिच्यावर बुरशी
मांडी घालून बसली होती.

मग तिनं बी दाखवलं.
बी कसलं, तपकिरीची चिमूट,
श्वासानं उडेल.
पोटात शिदोरी नाही.
मातीखाली, अंधारात, पान फुटेपर्यंत
बुरशीच भरवते त्याला.
"हीच?"
"हीच. मुळांत अजून राहते की.
कंदात येऊ देत नाही, एवढंच."

भोरहून मामानं आणलं तेव्हा मी सहाची.
जनता वसाहतीत त्याच्या ताटात जेवले,
त्यानं घेतलेल्या चपलांवर शाळा केली.
पगार सुरू झाला
तसा दर एक तारखेला तो फाटकाशी उभा.
सात वर्षं दिला.
मग खोलीचे कागद मागितले त्यानं,
आणि माझ्या तोंडून जे निघालं
ते मी कधी साठवलेलं नव्हतं.
अजून जीभ कडू होते.

दिवाळीला येतो. पायरीवर बसतो.
चहा देते, तीन चमचे साखरेचा, त्याला लागतो तसा.
आत ये म्हणत नाही.
तोही उठत नाही लवकर.

कुकरात सगळं वितळतं,
कापूस, चकती, मधली जागा,
ओतताना एकच गढूळ पाणी.

ही एक बशी मात्र
मी खिडकीत सरकवून ठेवली,
सोमवारपर्यंत.