अकरा मिनिटं

त्यानं मला बाहेर काढलं तेव्हा
अकरा मिनिटं उरली होती, आणि आम्ही चार गुणांनी पुढे.
वडाळ्याच्या मिठागरांमागचं ते मैदान,
गवत कमी, मुरूम जास्त.
माझ्या गुडघ्यांना तो मुरूम अजून आठवतो.

हरेश्वर पागधरे. अर्नाळ्याचा.
भाषण त्याला जमायचं नाही.
सामन्याआधी खांद्याला खांदा लावून गोल केला की
एवढंच म्हणायचा, "नाड्या बघा रे बुटांच्या,"
आणि आम्ही धिप्पाड गडी
शाळेतल्या पोरांसारखे खाली वाकायचो.
टीव्हीवाल्यांना त्यात दाखवण्यासारखं काही सापडायचं नाही.

रग्बीत पंचांशी बोलायचा हक्क एकट्या कप्तानाचा.
बाकीचे कप्तान हात उडवत धावत जायचे.
हा चालत जायचा,
दातांवरचं रबर काढून मुठीत धरायचा,
"साहेब" म्हणायचा, ऐकून घ्यायचा.
परत येऊन आम्हाला जे सांगायचा
ते मात्र छापण्यासारखं नसायचं.

एकदा सादिक परकारच्या हातून चेंडू निसटला,
आमच्याच रेषेसमोर, अख्ख्या स्टँडदेखत.
पुढचा चेंडू यानं मुद्दाम सादिकलाच दिला.
पोरगं थरथरत होतं.
"धर. भाचा समज तुझा.
पाडलास तर बहीण मारेल."

तर त्या दिवशी, पाचव्या पकडीला,
माझं डोकं कुणाच्या तरी कमरेच्या हाडावर आदळलं.
मी उठलो. उठलो हे आठवतं.
चेंडू पायानं मागे सारला, तोही नीट.
हरेश्वर जवळ आला, म्हणाला,
"निवास, कुठल्या बाजूला खेळतोय आपण?"
मी बोट दाखवलं. मिठागरांकडे.

आम्ही खेळत होतो बस डेपोकडे.

त्यानं तोंडातलं रबर काढलं
आणि पंचांकडे चालू लागला.

मी त्याची आई काढली, अर्नाळा काढला,
त्याच्या बापाची बुडालेली होडीसुद्धा काढली.
माझा करार मार्चमध्ये संपत होता,
घरी पाळणा हलायचा होता,
आणि हा शहाणा मला हाताला धरून बाहेर नेत होता,
पाहुण्याला जिन्यापर्यंत सोडावं तसा.

माझ्या जागेवरची फट त्यांना सहा मिनिटांत दिसली.
चार गुण, वर किकचे दोन.
हरलो. दोनानं.

मालक खाली उतरले, पांढऱ्या बुटांत, मुरूम चुकवत.
"पागधरे, डॉक्टर होता ना तिथे?"
"डॉक्टर लांब होता," हा म्हणाला. "मी जवळ होतो."

पुढच्या मोसमात कप्तान दुसरा.
हरेश्वर राखीव बाकावर, अगदी टोकाला,
दुसऱ्यांच्या नाड्या बघत.

मी त्याच्याशी आठ महिने बोललो नाही.
केईएमचा रिपोर्ट बायकोनं एकदा वाचला,
घडी घालून तांदळाच्या डब्यात ठेवला.
अजून तिथेच असेल.

आता ससून डॉकला बर्फाचा टेम्पो चालवतो.
कधी कधी शब्द सापडत नाही.
परवा "चमचा" सापडेना,
वस्तू हातातच होती.
पोरीचं नाव सापडतं. रोज तपासतो.

पहाटे भावाच्या बोटीबरोबर तो येतो कधीमधी,
केस पांढरे, कान तसाच चिरलेला,
आणि लाद्यांच्या वरून ओरडतो,
"निवास! कुठल्या बाजूला खेळतोय?"

मी मुद्दाम चुकीचं बोट दाखवतो, भर समुद्राकडे.

तो लगेच हसत नाही.
आधी जवळ येतो, माझ्या डोळ्यांत बघतो,
या डोळ्यात, मग त्या डोळ्यात,
बर्फ वितळतोय, मागचे टेम्पोवाले शिव्या घालतायत,
आणि मग हसतो.