धुकट

थीम बनवणारा कुठल्या थंड देशातला असावा.
त्यानं चौकट ठेवली बाराशेची
आणि आत भरली तीनशेची नक्कल.
मग काय, यमुनाबाई झोपे
फैजपूरच्या स्टँडमागे, वरच्या पत्र्याच्या खोलीत
स्क्रीनभर पसरल्या
ताकात पडलेल्या सावलीसारख्या.

"माह्यं तोंड असं धुकट काबरं रे भाऊ?"

मी म्हटलं, फोटो लहान आहे, ताणला गेलाय.
"ताणल्यानं बिघडतं का कुठं?"
त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, रिकामेच,
आणि नसलेला मांडा झेलत राहिल्या,
तळव्यावरून मनगटावर,
मनगटावरून कोपराकडे.
"पीठ चांगलं मळेल असलं ना,
त खापराएवढं व्हतं. तुटत नाही."

मळलेलं पीठ माझ्याकडे होतं खरं.
मूळ फोटो चार हजारांचा, सर्व्हरवर पडून,
थीम त्याला हातच लावत नव्हती.

एक फाइल उघडली, दुसरी उघडली,
तिसरीत सापडली ती ओळ.
'मीडियम' खोडून 'फुल' लिहिलं.
जुन्या नकला पुसून नव्या काढायला लावल्या,
चौऱ्याऐंशी फोटो,
रेशनच्या रांगेसारखे सरकत.
साठ टक्क्यांवर लाइट गेली.
एप्रिलची दुपार, पत्रा तडतडतोय.
बाईंनी पिशवीतून बिबडा काढला,
मोडून अर्धा मला दिला.

लाइट आली. पान ताजं केलं. तेच धुकं.
कॅशे पुसला. पुन्हा ताजं केलं.

आणि दिसलं:
हातावरचे भाजल्याचे जुने डाग,
कोपराला चिकटलेलं ओलं पीठ,
पदराची सेफ्टी पिन,
खापराखालचा जाळ सुटा सुटा,
मागे मंडपातून घाईनं चाललेली कुणी बाई.

मला वाटलं, आता शाबासकी.

त्यांनी चष्मा पुसला, पुढे झुकल्या,
बोट टेकवलं ते स्वतःच्या तोंडावर नाही,
मागच्या बाईच्या हातातल्या परातीवर.
"हे मोठं कर."
केलं.
काठावर कोरलेलं: य. दा. झोपे.

"साकळीच्या लग्नातून गेली माही परात!
अन् मी दोन वरीस सुनेले बोल लावला."

साइट कधी सुरू होईल, विचारलंच नाही.
माझे उरलेले पैसेही राहिले.
जिन्यातून आवाज आला तेवढा:
"तो फोटो काढू नको. विमलले दाखवाचा हाये."

राहिलेले त्र्याऐंशी
मी दिवे लागेस्तोवर मोठे करकरून पाहत होतो,
मागच्या माणसांच्या हातात
काय काय आहे ते.