दहावा प्रश्न

कानात कुर्र आत्यानेच करायचं,
म्हणून बाराव्या दिवशी मी फोन धरला बाळाच्या कानाशी.
संगमेश्वरहून ताईचा आवाज आला, अडकला, पुन्हा आला.
अर्धं नाव तिकडेच राहिलं,
अर्धं पोचलं रुवीत, चौथ्या मजल्यावर.
वैजू भिंतीकडे तोंड करून पडलेली.
आई म्हणाली, ओली बाळंतीण आहे, दमलीये.

आईचा व्हिसा एका महिन्याचा.
पहिल्याच दिवशी तिने शेपा-ओव्याची धुरी दिली,
तर अलार्म वाजला,
वॉचमन अब्दुल मोतिन चार मजले धावत वर आला
आणि धुरात बाळ बघून पाच रियाल ठेवून गेला त्याच्या मुठीत.
तेव्हा सगळे हसलो. वैजू सोडून, असं आता आठवतं.

मग आई गेली.
अळिवाचे वीस लाडू उरले डब्यात, अजून आहेत.

खिडकीबाहेर डोंगर आहे.
गवताची काडी नाही त्यावर, भाजून ठेवल्यासारखा.
ती त्याच्याकडे बघत बसायची.
बाळ रडायचं, दूध पाझरून गाऊन भिजायचा
आणि ती विचारायची,
कुणाचं रडतंय?

मी म्हणालो, तुला इथे काय कमी आहे?
एसी आहे, चोवीस तास पाणी आहे.
हे मी म्हणालोय. खोडत नाही.

घालाच्या गोदामात मी दिवसभर
फिल्टर, पट्टे, ऑइल सील मोजतो.
दुपारी फोन केला की उचलायचा निहार, सात वर्षांचा.
बाबा, पावडर चार चमचे की पाच?
शाळेत त्याने सांगून टाकलं होतं, आई गावी गेलीये.
मी ओरडलो, खोटं का बोललास?
तो म्हणाला,
मग कुठे गेलीये?

त्याच आठवड्यात गॅलरीची चावी हरवली.
दोरीवरची दुपटी उन्हात पापडासारखी कडक झाली.
मी वैजूला बोललो, तुझं लक्ष असतं कुठे.

लशीच्या दिवशी नर्सने बाळाचं वजन केलं,
मग खुर्ची वैजूकडे वळवली.
बद्रिया तिचं नाव, सूरची.
दहा प्रश्न होते कागदावर. मला म्हणाली,
तिच्या भाषेत विचार.

मी रोज हेच करतो,
इंग्रजीचं हिंदी, हिंदीचं मोडकं अरबी.
मराठी कुणी कधी मागितलं नव्हतं.

हसू येतं का गं, पूर्वीसारखं?
उगाच भीती वाटते?
झोप?
ती मान हलवत होती, मी खुणा करत होतो,
जसा माल आला की करतो.

दहावा मी जरा मऊ करून विचारला.
कधी वाटतं का, सगळं सोडून कुठेतरी निघून जावं?

वैजूने माझ्याकडे पाहिलं.
किती दिवसांनी, ते मोजलं नाही.
असं नाही विचारलेलं त्यांनी, म्हणाली.
मलाही वाचता येतं.

आणि मग,
गॅलरीची चावी पिठाच्या डब्यात आहे, तळाला.
मीच ठेवली.
कोपरापर्यंत हात घालावा लागेल,
तेवढा वेळ मध्ये असावा म्हणून.

बद्रिया विचारत होती, काय म्हणाली? काय म्हणाली ती?
मला तिन्ही भाषा आठवेनात.

आता मंगळवारी आम्ही जातो. गोळ्या आहेत.
आईला फोनवर सांगितलं, अशक्तपणा आहे.
चावी माझ्या खिशात असते,
तिच्या खाचेतलं पीठ टाचणीनेही निघत नाही.
दुपटी घरातच वाळतात, कुबट वास येतो.
नाव अजून घेत नाही ती. बाळ म्हणते.

काल रात्री निहार आणि मी ओट्याशी बाटली घेऊन उभे,
चार की पाच,
आणि आतल्या खोलीतून आवाज आला,
पाच रे.
पाणी आधी घाल.